सात नंबरचं दार

१

शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता मी शेडचं कुलूप काढलं, तर आत इंजन नव्हतं.

आता इंजन म्हणजे काही माझी छत्री नाही, की बसमध्ये विसरले म्हणावं. तीन टनांचं लोखंड! डिझेलचं, बुटकं, दोन फुटी रुळांवर चालणारं. सोळा वर्षं वीटफॅक्टरीत मातीचे डबे ओढले आणि फॅक्टरी बंद पडल्यापासून तेरा वर्षं एका जागी उभं. शेडचं कुलूप शाबूत, गेटचं कुलूप शाबूत, आणि इंजन गायब. मागं राहिलं होतं फक्त त्याचं पत्र्याचं छप्पर, भिंतीला नीट टेकवून ठेवलेलं. शेजारी चार बोल्ट, तेही ओळीत.

मी आफिफा, शिरड शहापूरची. परभणीतून आमचा हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा ज्याला त्याला जिल्ह्यासाठी काहीतरी नवं काढायचं होतं. त्या भरात कुणीतरी निजामाच्या काळातल्या या बंद फॅक्टरीचं संग्रहालय करायचं ठरवलं. विटांची भट्टी, साचे, रूळ, डबे आणि ते इंजन. मी इतिहासात बी.ए. आणि अर्ज करणारी एकटीच, म्हणून व्यवस्थापक मी. माझ्या हाताखाली अख्खा स्टाफ म्हणजे जळबा मामा, राखणदार. किल्ल्यांचे दोन जुडगे. एक माझ्याकडं, एक त्यांच्याकडं.

रविवारी नव्या दालनाचं उद्घाटन होतं. गुरुवारी सुट्टीच्या दिवशीसुद्धा मी पाहुण्यांच्या परवानग्यांसाठी हिंगोलीला दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर नाचत होते. आणि शुक्रवारी हे!

"जळबा मामा!"

मामा शेड आणि भट्टीच्या मधल्या मुरमाच्या वाटेवर झारीनं पाणी मारत होते. मे महिना. टँकर चार दिवसांतून एकदा येतो, तोही शिव्या खाल्ल्यावर. आणि हा माणूस मुरमाला पाणी पाजतोय!

"मामा, हे काय करून राहिलात तुम्ही?"

"पाव्हणे येनार ना मॅडम. धुरळा लई उडतो."

"इंजन कुठंय?"

मामा लंगडत शेडपर्यंत आले, आत डोकावले, कान खाजवला.

"न्हाई दिसत," म्हणाले.

"ते मलाही कळतंय! गेलं कुठं?"

"मला काय म्हाईत मॅडम."

डोकं फिरलं माझं. मी आवारात तीन चकरा मारल्या. गेटपाशी फूटभर धूळ, तिच्यावर माझ्या स्कूटीशिवाय दुसऱ्या कुठल्याच चाकाची खूण नाही. साचे जागेवर, डबे जागेवर. लांबोडकी भट्टी आपली अठरा दारं घेऊन उभी. त्यातलं सात नंबरचं दार मात्र बंद होतं, कारण ते मीच सांगितलं होतं. भट्टी पेटवायच्या आधी दार विटांनी चिणून वरून माती लिंपतात. ते पाहुण्यांना दिसावं म्हणून तांड्यावरच्या रुक्माबाई मावशींना मी गुरुवारी एक दार बंद करून ठेवायला सांगितलं होतं. मावशींनी ते केलं होतं. झकास लिंपण, खालच्या कोपऱ्यात हळदीची पाच बोटं, आणि मी लिहिलेली 'भट्टीचा बंद दरवाजा' ही पाटीसुद्धा सरळ टांगलेली. या अख्ख्या आवारात सांगितलेलं काम वेळेत करणारी ही एकच बाई आहे, असं मला वाटलं आणि तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

मग मी ऑफिसात जाऊन आधी अध्यक्षांना फोन लावला आणि नंतर पोलिसांना.

२

अध्यक्ष म्हणजे देविदासभाऊ. पांढरे कपडे, दोन मोबाईल, आणि संग्रहालयात वर्षातून दोनदा पाय. त्या दिवशी अर्ध्या तासात हजर. मी सगळं सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न काय? कुलूप कुणी तोडलं, विचारलं नाही. कधी गेलं, विचारलं नाही.

"छप्पर? छप्पर शाबूत आहे ना?"

"छप्परच तेवढं आहे भाऊ. खालचं इंजन नाही."

जमादार आले त्यांच्या मागोमाग. त्यांनी शेड पाहिली, छप्पर पाहिलं, चहा मागवला. चहा संपायच्या आत त्यांचा तपासही संपला.

"किल्ल्या दोघांकडं. मॅडम तुम्ही गुरुवारी हिंगोलीत. मग राहिलं कोण?"

"अहो जमादार साहेब, बासष्ट वर्षांचा माणूस आहे तो! एक पाय डब्याखाली सापडून अधू झालेला. तीन टन काय खिशात घालून नेणार?"

"एकट्यानं कशाला, टोळी असंल. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत इंजन कुठंय ते यानं सांगावं. न्हाई तर मी घेऊन चाललो याला. रविवार आत, सोमवारी कोर्टात."

"बरोबर आहे," भाऊ म्हणाले. "तक्रारीत नाव घाला त्याचं."

मी मामांकडं पाहिलं. म्हटलं आता तरी हा माणूस तोंड उघडेल, हातापाया पडेल, काहीतरी करेल.

"नेऊ द्या," मामा शांतपणे म्हणाले. "लई दिवस झाले, कुनी फुकट जेवाया घातलं न्हाई."

असा संताप आला म्हणून सांगू! याच माणसानं गेल्या पावसाळ्यात मी तापानं फणफणले तेव्हा खांद्यावर घोंगडं टाकून चार मैल चालत जाऊन रिक्षा आणली होती. अधू पायानं. याला मी कोठडीत जाऊ देणार नव्हते. आणि हा स्वतः पिशवी भरायला निघालेला.

"मामा, इकडं या. खरं सांगा, तुम्हाला माहीत आहे ना?"

"काय मॅडम?"

"काय म्हणून काय विचारता!"

तेवढ्यात गेटवर भोंगा वाजला. बाहेर भला मोठा ट्रक उभा, त्याच्या पाठीवर क्रेन. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं आणि हातातला कागद फडकवला.

"मॅडम, इंजन उचलने आया हूँ. किधर है?"

३

भाऊंचा चेहरा पडला, पण माणूस राजकारणातला. दोन श्वासांत सावरला.

"दुरुस्तीला पाठवत होतो मी," जमादारांना म्हणाले. "बंद पडलेलं इंजन पाहुण्यांना काय दाखवायचं? चालत असतं तर हलवलं असतं का मी? समितीला नंतर सांगणारच होतो."

"रविवारी उद्घाटन आणि शुक्रवारी दुरुस्तीला?" मी विचारलं.

"मॅडम, तुम्ही तुमचं काम बघा."

जमादारांनी मान डोलवली. त्यांना क्रेनमध्ये काहीच वावगं दिसलं नाही. मी ड्रायव्हरला झाडाखाली नेऊन चहा दिला. बिचारा रात्रभर गाडी चालवून पुण्याकडून आलेला.

"कुठल्या कारखान्यात न्यायचं होतं दादा?"

"कारखाना? नही मॅडम, वो रिसॉर्ट है ना नया. लॉन पे रखना था. बच्चे लोग बैठके फोटो निकालते. सेठ ने बोला, छत के साथ लाना, छत से ही शोभा है."

म्हणजे हे असं! आमचं इंजन कुणाच्या तरी हिरवळीवर शोभेला चाललं होतं, आणि कुणाला पत्ता नव्हता. पण माझी पंचाईत अशी की यातून भाऊ लबाड ठरत होते, चोर ठरत नव्हते. स्वतःच आधी लंपास केलेल्या वस्तूसाठी कोणी क्रेन कशाला बोलवेल? आणि छप्पर सोडून कशाला जाईल?

राहिला शकील भंगारवाला. गेल्या वर्षभरात तो तीनदा संग्रहालय 'बघायला' आला होता, आणि तिन्ही वेळा विटांकडं पाठ करून रुळांकडं बघत बसला होता. दुपारच्या उन्हात मी स्कूटी काढून त्याच्या दुकानावर गेले आणि गेल्या गेल्या त्याला फैलावर घेतलं.

"बाजी, बाजी, पहिले पानी तो पियो," शकील म्हणाला. "खुदा कसम, मी न्हाई. तुमी स्वता इचार करा. तीन टन माल मी न्यायचा तर गॅसकटरनं तुकडे करावे लागतील. दोन दिवसाचं काम. जमिनीवर जळाल्याच्या खुना दिसल्या का?"

"नाही."

"क्रेननं उचलावं तर टायरच्या खुना?"

"नाहीत."

"मग आनखी एक सांगा. भंगारवाला चोरी करंल तर पत्रा सोडंल का? पत्रा तर सगळ्यात हलका, पहिले जातो." त्यानं गल्ल्यावर बोट आपटलं. "छप्पर इकायला न्हाई, जाळायला न्हाई, फेकायलाबी न्हाई. नीट उभं करून ठेवलं. मग काढलं काहून?"

मीच त्याच्याकडं तपासाला आले होते, आणि तो माझी परीक्षा घेत होता. घरी जाताना तोच प्रश्न माझ्या डोक्यात भुणभुणत होता. काढलं काहून?

४

शनिवारी सकाळी मी तांड्यावर गेले. प्रेमसिंग काका त्या इंजनाचे ड्रायव्हर. फॅक्टरी बंद झाली त्या दिवशी शेवटची फेरी त्यांनीच मारली. त्यांची बायको म्हणजेच रुक्माबाई मावशी, तीस वर्षं भट्टीची दारं लिंपलेल्या. इंजनावर जीव असलेलं हे एकच घर. काका दर महिन्याला माझ्यामागं लागायचे, मॅडम मला एकदा हात लावू द्या, मी चालू करून दाखवतो. भाऊंचा हुकूम होता, नाही म्हणजे नाही, तोडमोड होईल.

काका अंगणात बाजेवर बसले होते. मला बघून उठले आणि हात पाठीमागं घेतले.

"हात कशानं काळे झाले काका?"

"हे व्हय? हिरीवरचं इंजन दुरुस्त करून राहिलो हुतो कालपरवा. तेल, काजळी. निघत न्हाई लवकर."

"आपलं इंजन गेलं, कळलं ना तुम्हाला?"

"कळलं," म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. मी म्हटलं हा माणूस रडेल, चिडेल, शिव्या घालेल. काही नाही! तंबाखू मळतोय.

"कुणी नेलं असेल?"

"ज्याला त्याची कदर असंल त्यानं."

"काका, कोड्यात बोलू नका, माझं डोकं आधीच उठलंय. पाच वाजता जळबा मामांना नेणार आहेत!"

त्यांचा हात थांबला. मग घरात बघत हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आमचे बापजादे बैलांवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरायचे. शंभर बैलांची लदेणी, पुढं एक म्होरक्या. तो म्होरक्या म्हातारा झाला, बसला, तरी त्याला कुनी इकत नव्हतं. दाराशी ठेवायचे मरंस्तोवर. ह्या इंजनाला आमी म्होरक्याच म्हणायचो. तुमच्या भाऊला सांगा एवढं."

म्हणजे विकण्याचं यांना माहीत होतं! कसं? मी विचारणार तेवढ्यात मावशी पाणी घेऊन आल्या. अर्धाच तांब्या.

"पुरवून प्या लेकी," म्हणाल्या. "होळीलाच आटली आमची हीर. टँकरवर हाय समदं."

त्या माझ्याकडं न बघता आत गेल्या. मी पाणी प्यायले, चार वेळा तेच ते विचारलं, चार वेळा तेच ते ऐकलं आणि वैतागून निघाले. पुसेगावच्या फाट्यापर्यंत आले आणि करकचून ब्रेक दाबला. मागचा सायकलवाला माझ्यावर आदळता आदळता राहिला.

विहीर होळीला आटली. मग मे महिन्यात विहिरीवरचं इंजन दुरुस्त करून काका काय उपसणार होते?

५

ऑफिसात आले तेव्हा साडेबारा वाजले होते. जमादारांना देण्यासाठी इंजनाचा फोटो हवा होता, म्हणून मी भिंतीवरची फ्रेम उतरवली. गेल्या वर्षी शाळेची पोरं आली होती तेव्हाचे दोन फोटो त्यात शेजारी शेजारी लावलेले. एकात छपरासकट इंजन, पुढं उभा प्रेमसिंग काकांचा नातू. पत्रा त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर, म्हणजे सात फूट तरी उंची. छप्पर काढलं तर जेमतेम पाच.

दुसऱ्या फोटोत रुक्माबाई मावशी, भट्टीच्या बंद दारापुढं. तेव्हाही मीच प्रात्यक्षिक ठेवलं होतं. आणि दार कोरं होतं. नुसती माती, हळद नाही.

मला तो दिवस चांगला आठवला, कारण मावशींनी मला पोरांसमोर झापलं होतं. फोटो छान येईल म्हणून मी म्हटलं होतं, मावशी, पूर्वी दाराला हळदीची बोटं लावायचात ना, ती लावा की. तर म्हणाल्या, "भट्टी आत भरलेली असली तरच दार पुजत असतात. आत पोटात माल पाह्यजे. रिकामा पाळणा कुनी हलवतं का? रिकाम्या भट्टीला हळद लावायची न्हाई, तू कलेक्टरला घेऊन आलीस तरी." आणि लावली नव्हती.

आणि परवा मी न सांगता लावली.

मी फ्रेम तशीच टेबलावर टाकली आणि भर उन्हात भट्टीकडं पळाले. शेडपासून भट्टीपर्यंत तीच ती मुरमाची वाट. तिच्याखाली काय आहे हे मला माहीत नसायला काय झालं! जुने रूळच आहेत, थेट सात नंबरच्या दारातून आत जाणारे. पाहुण्यांचे पाय अडखळतात म्हणून भाऊंनी दोन वर्षांपूर्वी वरून मुरूम टाकून घेतला होता. मी टाचेनं मुरूम उकरला. चार बोटांखाली रूळ लागला. तेरा वर्षं ज्यावरून काही गेलं नाही तो रूळ गंजलेला असायला पाहिजे. हा वरून घासून चकचकीत झाला होता.

सात नंबरच्या दाराला मी नाक लावलं. ओल्या मातीतून डिझेलचा वास येत होता.

"कळलं वाटतं," मागून आवाज आला. मावशी होत्या. तांड्यावरून माझ्या मागोमाग चालत आल्या होत्या, चपलेशिवाय.

"मावशी, अहो काय केलंत तुम्ही हे! त्या मामांना कोठडीत नेऊन बसवणार!"

"त्यानंच सांगितलं आमाला. भाऊ हापिसातून फोनवर बोलत हुता, इंजन शुक्रवारी उचला म्हनून. जळबानं ऐकलं. तुला सांगितलं असतं तर तुझी नोकरी गेली असती, म्हनून तो म्हनला, मॅडमला कळू द्यायचं न्हाई. तांड्यातल्या अकरा जनांनी ढकलत आनलं गुरुवारी."

"मग ती हळद कशाला लावलीत? तीच तर सांगून गेली!"

मावशींनी हळदीच्या बोटांकडं पाहिलं. पहिल्यांदाच त्या जरा ओशाळल्या.

"आमचा म्हातारा बी म्हनला, नको लावू. पन भरल्या भट्टीचं दार मी कधी कोरं सोडलं न्हाई. हात गेलाच."

मी तिथंच सावलीत बसले. दार उघडलं तर मामा सुटणार, पण बाहेर उभी असलेली क्रेन इंजन घेऊन जाणार. बंद ठेवलं तर इंजन राहणार आणि मामा जाणार. या दोन म्हाताऱ्यांनी आणि त्या एका लंगड्यानं मिळून मला असल्या कात्रीत धरलं होतं की रडावं की ओरडावं कळेना.

"मावशी, एक खरं सांगा. काकांचे हात काळे कशानं? हे इंजन चालतं?"

"वरीसभर दर गुरुवारी येऊन खपतोय ह्यो. जळबा गेट उघडायचा." त्यांनी नाक उडवलं. "धा बारी हँडल मारलं तर दोनदा चालू व्हतं."

दहातून दोनदा. या अल्ला!

६

पाचला दहा मिनिटं असताना सगळे जमले. जमादार, भाऊ, समितीचे दोन सदस्य, क्रेनचा ड्रायव्हर आणि भिंतीवर बसलेली तांड्यावरची माणसं. जळबा मामा पिशवी घेऊन तयार. पिशवीत घोंगडं आणि तंबाखूची डबी.

"चला," जमादार म्हणाले.

"एक मिनिट साहेब. आवारातून वस्तू बाहेरच गेली नसेल तर चोरी कसली?"

"मंजे?"

मी सगळ्यांना सात नंबरच्या दारापुढं नेलं आणि एकेक सांगत गेले. गेटच्या धुळीवर इंजन बाहेर गेल्याची एकही खूण नाही, म्हणजे ते आतच आहे. छप्पर विकायला काढलं नव्हतं, उंची कमी करायला काढलं होतं. सात फुटी इंजन भट्टीच्या साडेपाच फुटी दारातून जात नाही, छप्पर काढलं की जातं. वाटेवर पाणी मारलं ते धुरळ्यासाठी नाही. मुरूम उकरून रूळ मोकळे केले, इंजन ढकलत नेलं, पुन्हा मुरूम टाकला. तो दाबून बसवायला पाणी लागतं. आणि हळद. ती मावशी फक्त भरलेल्या भट्टीला लावतात.

जमादारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. भाऊंच्या तोंडावर मात्र उजेड पडला.

"मिळालं ना! झालं तर मग. फोडा दार. ए ड्रायव्हर, क्रेन आत घे. दुरुस्तीला जाऊ दे एकदाचं."

"दुरुस्ती कसली भाऊ?"

"कसली म्हणजे? चालत नाही ते!"

"चालत असतं तर नेलं नसतं, असं तुम्ही काल जमादार साहेबांसमोर म्हणालात."

"म्हणालो! आजही म्हणतो. चालत असतं तर हात लावला नसता."

"बराबर," जमादार म्हणाले. "माझ्यासमोरच बोलले." समितीच्या दोघांनीही माना डोलावल्या. मी एवढंच ऐकायला थांबले होते.

"मावशी, दार उघडा."

त्या लिंपणाला हात लावायचा मान त्यांचाच. त्यांनी आधी हळदीच्या जागी कपाळ टेकलं, मग एकेक वीट काढून मागं दिली. अकरा जणांची रांग लागली. अंधारात इंजनाचं काळं नाक दिसायला लागलं. प्रेमसिंग काका धोतर खोचून आत शिरले.

हँडल फिरलं. घुर्र, आणि गप्प.

पुन्हा फिरलं. गप्प. तिसऱ्यांदा नुसताच पांढरा धूर आला आणि काका खोकायला लागले. भाऊंनी घड्याळ बघितलं. चौथ्यांदा, पाचव्यांदा तेच. मला आठवत होत्या तेवढ्या सगळ्या दुआ मी म्हणून टाकल्या. सहाव्यांदा काकांच्या हातातून हँडलच सुटलं. म्हातारा घामानं निथळत होता, आणि मला वाटलं, संपलं. मामाही गेले आणि इंजनही.

तेवढ्यात जळबा मामांनी पिशवी माझ्या हातात दिली, लंगडत आत गेले आणि आतून ओरडले, "आरं येड्या, तेलाचा कॉक बंद हाय की!"

एक चावी करकरली. हँडल फिरलं. एक ठोका पडला, मग दुसरा, आणि मग भट्टीच्या पोटातून असा धडधडाट सुरू झाला की चिमणीवरची कबुतरं उडाली. तेरा वर्षांनी म्होरक्या स्वतःच्या पायांनी बाहेर आला. वर प्रेमसिंग काका, मागच्या फळीवर जळबा मामा, दोघांची तोंडं काजळीनं माखलेली. रुळांवरचा मुरूम दोन्ही बाजूंना उडत होता. भिंतीवरची माणसं ओरडत होती. मावशी पदरानं डोळे पुसत होत्या आणि मला म्हणत होत्या, धूर गेला गं.

इंजन शेडपाशी थांबलं. समितीतले एक म्हणाले, "हे तर छान चालतंय की भाऊ." भाऊ एक मोबाईल कानाला लावून गेटकडं निघाले. तो वाजला नव्हता, हे सगळ्यांनी पाहिलं. ड्रायव्हरनं टाळ्या वाजवल्या आणि रिकामी क्रेन वळवून घेतली.

"मग आता गुन्हा कुनावर?" जमादारांनी विचारलं.

"कुणावरच नाही साहेब. इंजन भट्टीत होतं, आता शेडपाशी आहे. चहा घ्या."

मी मामांना पिशवी परत दिली. म्हटलं, "मामा, तुम्ही कोठडीत जायला निघालात, पण मला एक शब्द सांगवला नाही तुम्हाला? मी काय परकी आहे?"

मामांनी खाली बघितलं. मग त्यांनी वाटेवर उडालेल्या धुरळ्याकडं पाहिलं आणि कोपऱ्यातली झारी उचलली.

"मॅडम," म्हणाले, "मुरूम लई उधळला. पानी मारू का थोडं?"

टँकर सोमवारी यायचा होता. पिंपात दोन बादल्या राहिल्या होत्या.

"मारा," मी म्हणाले. "पण आधी फावडं घ्या आणि तो मुरूम सगळा काढून टाका. रुळांवर पाणी नको. गंजतील."